रोज दोनच ओळी

खिशात साबणाची वडी घेऊन फरशीच्या दुकानात शिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लातूरच्या रिंग रोडवरचं ते दुकान म्हणजे सगळी काच आणि सगळा लखलखाट. मिस्त्रींनी चपला पायरीखाली काढल्या. मालक आतून "राहू द्या हो, राहू द्या" म्हणत होता, पण त्याच्याकडे लक्ष न देता ते सरळ आत गेले, पाण्याच्या जारखालचा ग्लास भरून घेतला आणि दर्शनी जागी मांडलेल्या, इटालियन म्हणून पाटी लावलेल्या फरशीवर ओतला. मग शर्टाच्या खिशातून हिरवी वडी काढून फेस केला, त्या फेसावर उजवी टाच ठेवली आणि स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली.

"ही न्हाई," ते मला म्हणाले. "हिच्यावर मानूस उभा राहत न्हाई, आडवाच राहतो."

तेवढ्यात त्याच फरशीची चौकशी करत असलेलं एक जोडपं हळूच बाहेर पडलं. मालकानं कपाळाला हात लावला. "मिस्त्री, तुमच्यापायी माझं आलेलं गिऱ्हाईक गेलं बघा."

"वाचलं म्हना," मिस्त्री म्हणाले आणि पुढच्या फरशीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी नऊ फरशांना साबण लावला. दहावी त्यांना गोदामाच्या मागच्या खोलीत, धुळीनं माखलेल्या खोक्यात सापडली. हाताच्या पंजाएवढी चौकोनी, करड्या रंगाची, चमक नाही की नक्षी नाही. मालक म्हणाला, ही तर कोणी फुकटही नेत नाही. मिस्त्रींनी ती गालाला लावून पाहिली. मला तर त्या माणसाबरोबर दुकानात आल्याचीच लाज वाटू लागली होती.

आम्हाला फरशी हवी होती ती माझ्या सासूबाईंसाठी. मी त्यांना आत्या म्हणते. नवं घर बांधलं तेव्हा हॉलमध्ये होती तशीच काचेसारखी गुळगुळीत फरशी आम्ही मागच्या बाथरूमलाही लावली होती. तिच्यात चेहरा दिसतो म्हणून आलेल्या पाहुण्यांना आम्ही बाथरूमसुद्धा दाखवायचो. पाहुणेही आत डोकावून "लई भारी" म्हणायचे. दिवाळीत पहिल्या आंघोळीला आत्या त्याच भारी फरशीवरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, तीन महिन्यांत काठी घेऊन चालायलाही लागल्या. पण बाथरूमच्या दारात गेलं की त्यांचे पाय जागच्या जागी थांबायचे. आम्ही रबरी चटई आणून टाकली, भिंतीला धरायला दांडी बसवली. आत्या दांडीकडे बघायच्या आणि मागे फिरायच्या.

मग त्यांची आंघोळ मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ व्हायला लागली. प्लास्टिकची खुर्ची, दोरीवर टाकलेली जुनी चादर आणि तांब्या घेऊन मी. शिरूर अनंतपाळजवळच्या त्यांच्या गावी बारा माणसांचं घर चालवलेली ही बाई. तिथं पहाटे सगळ्यांच्या आधी त्यांची आंघोळ उरकलेली असायची, ओले केस कुणाला कधी दिसले नाहीत. आणि आता सून पाठीवर पाणी ओतत होती. एरवी माझ्या भाजीतल्या मिठापासून माझ्या माहेरच्या नाकापर्यंत सगळ्यांवर बोलणाऱ्या आत्या त्या खुर्चीत बसल्या की डोळे घट्ट मिटून घ्यायच्या आणि आंघोळ होईपर्यंत अक्षर बोलायच्या नाहीत. त्यांनी कुणाकडे मुक्कामाला जाणं सोडलं होतं. लग्नाकार्याच्या पत्रिका आल्या की नुसत्या देवापुढे ठेवायच्या.

मी शाळेत शिक्षिका आहे. दहाला शाळा, त्याआधी डबे, त्यात ही आंघोळ. खोटं कशाला बोलू, मलाही सुटका हवी होती. पण त्याहून जास्त मला त्यांचे ते मिटलेले डोळे बघवत नव्हते.

शाळेतल्या एका बाईंनी मिस्त्रींचं नाव सुचवलं. "काम सोन्यासारखं," त्या म्हणाल्या, "पण माणूस सांभाळून घ्यावा लागतो." कशाबद्दल सांभाळायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मिस्त्री साठीचे असतील. काटक, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशाला वडीचा फुगवटा. मूळचे उदगीरकडचे. तरुणपणी शहाबादच्या खाणीवर दगड घडवायला शिकले, त्यामुळे फरशा मोजताना तोंडातून "ओंदु, एरडु, मूरु" असंच यायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मापं कानडीत, भांडन मराठीत. उलटं केलं की दोन्ही बिघडतंय." फरशीवर ते कधीच चपला घालून चढायचे नाहीत. फरशी अजून टाकायची असेल, नुसती खडी आणि वाळू पसरलेली असेल, तरी अनवाणीच. मे महिन्यात गच्चीवरसुद्धा. "ती उद्या इथं येनार हाय की," म्हणायचे.

टाकलेली फरशी त्यांच्या दृष्टीनं दिल्या घरी गेलेली लेक होती. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. आमचं काम झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ते कधीही दारात उभे राहायचे.

"बरी हाय का?"

"बरी आहे की. तुम्ही कसे आहात?"

"तुम्ही न्हाई बाई. फरशी."

मग आत येऊन उकिडवे बसायचे, बोटाच्या पेरानं एकेक फरशी वाजवायचे आणि मान कलती करून ऐकायचे. खाली सिमेंट नीट बसलेलं नसलं की आवाज पोकळ येतो, हे आता मलाही कळतं. तेव्हा मात्र डॉक्टर घरी आल्यासारखी मी गुपचूप बाजूला उभी राहायचे. तपासणी झाली की चहा. चहाला नाही म्हणाले तर समजायचं की काहीतरी बिघडलंय.

एकदा महालक्ष्म्यांच्या आधी डाग काढायच्या घाईत मी फरशीवर ॲसिड टाकलं. सगळे टाकतात, मीही टाकलं. दोन दिवसांनी मिस्त्री आले. दारातच नाक वर करून त्यांनी वास घेतला. आत येऊन दोन फरशांमधल्या फटीवरून नख फिरवलं, तर नखाबरोबर फटीतली पांढरी भुकटी वर आली. माझ्याकडे नुसतं एकदा बघून ते पाणीही न पिता निघून गेले. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला काथ्याचा एक नवा ब्रश लटकवलेला सापडला. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर्गात मुलांना रागवायच्या ऐवजी नुसतं बघत राहायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

नांदेडला आमचे धाकटे भाऊजी राहतात, बँकेत आहेत. मिस्त्री एका डॉक्टरांच्या घरी आपली जुनी फरशी बघायला नांदेडला निघाले होते, तर मी भाऊजींसाठी लोणच्याची बरणी त्यांच्याकडे दिली. बरणी पोचली. पण बरणी घेऊन दारात उभं राहिल्यावर मिस्त्रींच्या पायाला काहीतरी जाणवलं असणार. जाऊबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि बाहेर येऊन बघतात तर हे गृहस्थ हॉलमध्ये रांगतायत, खडूनं फरशीवर फुल्या मारतायत. अकरा फुल्या.

"ह्या अकरा पोकळ हायत," त्यांनी सांगितलं. "कुनी टाकल्या मला म्हाईत न्हाई, पन त्याला झोप कशी लागती?" आणि चहा पिऊन निघून आले.

खडू पुसला गेला. पण जाऊबाई आजही त्या अकरा जागी पाय न देता चालतात. भाऊजींचा फोन आला तो मोठ्या आवाजातच. "वहिनी, लोणचं एसटीनं पाठवायचं होतं ना, माणूस कशाला पाठवला?"

आत्यांच्या न्हाणीचं काम ठरत होतं तेव्हाही भाऊजींचं मत वेगळं होतं. त्यांनी मोबाईलवर न घसरणाऱ्या फरशांचे फोटो पाठवले होते, मोठ्या मोठ्या, चार चार फुटी. मिस्त्रींनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि मोबाईल मला परत दिला. "मोठी फरशी म्हंजे मोठं मैदान. पाय एकदा सुटला की थांबायचा कुठं? बारकी फरशी घ्या, फटी जास्त येत्यात. फरशी घसरवती, फट धरती." मला ते पटलं. भाऊजींना पटलं नाही. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे दोघांनाही हो म्हटलं.

तर त्या पंजाएवढ्या करड्या फरशा घरी आल्या. मिस्त्रींनी अंगणात पंचवीस-तीस फरशा फटी ठेवून मांडल्या, पाणी ओतलं, साबण लावला आणि आत्यांच्या खुर्चीसमोर त्या फेसात येरझाऱ्या घालायला लागले. आधी चालले, मग एका पायावर उभे राहिले, मग दोन्ही हात वर करून चक्क नाचले. शेजारची मुलं कुंपणावर चढून बघत होती.

"बगा मावशी," ते दम खात म्हणाले. "घसरलो का?"

आत्यांनी त्यांच्या पायांकडे नीट पाहिलं. करडे, भेगाळलेले, वर्षानुवर्षं सिमेंटात भिजलेले तळवे. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तुमचे पाय भिताडावर बी घसरायचे न्हाईत. तुमच्या पायाचं मला काय सांगून राहिलात?"

मिस्त्री थांबले. मग मी साडी खोचून त्या फेसावरून चालून दाखवलं. आत्या म्हणाल्या, "तू तरनी हायस." आमचे हे पुढे झाले तर त्यांना हातानंच थांबवलं. मिस्त्रींनी आपला एक पाय उलटा करून तळवा बघितला, बराच वेळ. इतकी वर्षं दुकानादुकानांत ज्या टाचेवर ते निकाल देत होते ती टाचच एका बाईनं बाद केली होती. त्या दिवशी ते चहा न घेता गेले, आणि फरशी बिघडलेली नसताना असं एवढं एकदाच झालं.

दुसऱ्या दिवशी आले ते थेट धुण्याच्या दगडाजवळ जाऊन बसले. मी शाळेतून आले तेव्हा आत्यांची खुर्ची असायची तिथली शहाबादी उखडून तेवढ्या जागेत त्या बारक्या फरशा बसवलेल्या होत्या. बाथरूमला हातही लावलेला नव्हता.

"अहो मिस्त्री, काम आतलं आहे," मी म्हटलं.

"हाव की. तिकडंच निघालोय."

"इथून?"

"कुठून तरी सुरू करावं लागतंय बाई."

धुण्याचा दगड ते बाथरूमचं दार हे अंतर सात फूट असेल. त्या सात फुटांवर मिस्त्री रोज दोन ओळी टाकायचे. दोनच. दोन ओळी म्हणजे मोजून एक वीत. त्या झाल्या की हत्यारं धुवायची, पोत्यात घालायची आणि जाताना मला बजावायचं, "ह्या दोन ओळींवर पाय देऊ नका. परवाच्या वाळल्यात, खुर्ची तिथवर घ्या. हितली जागा मला रिकामी पायजे." मी मुकाट्यानं खुर्ची वीतभर पुढे सरकवायची, चादरीची दोरीही वीतभर पुढे बांधायची. आत्या त्या वाळलेल्या फरशीवर पाय टेकवून बसायच्या आणि डोळे मिटायच्या.

चौथ्या दिवशी आमच्या ह्यांचा धीर सुटला. "तीन दिवसांचं काम आहे हो मिस्त्री."

"गुडघे दुखून राहिलेत साहेब. दोन ओळींच्या वर बसवत न्हाई."

आम्हाला वाईट वाटलं. साठीचा माणूस, उकिडवं बसून जन्म गेलेला. मी त्यांना गुडघ्याला चोळायला तेल दिलं. त्यांनी ते घेतलं, वास बघितला आणि पोत्यात ठेवलं. संध्याकाळी शेजारच्या वहिनी कौतुकानं सांगत आल्या, "काय हात आहे हो तुमच्या मिस्त्रींचा. आजच्या एका दुपारात आमची निम्मी गच्ची करून दिली."

मी तशीच मागच्या दारी जाऊन उभी राहिले. फरशीची ती करडी पट्टी धुण्याच्या दगडापासून निघून बाथरूमच्या दाराकडे निम्म्या वाटेवर आली होती आणि तिच्या टोकाला आत्यांची रिकामी खुर्ची होती. पाच दिवसांपूर्वी ती खुर्ची बाथरूमकडे एक वीतही सरकवली असती तर आत्यांनी काठी उगारली असती. मी कुणाला काही बोलले नाही. ह्यांनाही नाही, कारण ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा एवढंच विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"लई दुखून राहिलेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला वाटत होतं की हे गुपित आमच्या दोघांचं आहे. पण आत्यांनाही चाहूल लागली होती. त्या दुपारी खुर्ची टाकून मिस्त्रींच्या कामावर देखरेख करायला बसायच्या. "ही ओळ वाकडी हाय." "सरळ हाय मावशी, दोरी लावलीया." "दोरीच वाकडी हाय." मिस्त्री चडफडत दोरी सोडायचे, पुन्हा बांधायचे. एके दिवशी आत्यांनी काठीनं एक फरशी वाजवली आणि म्हणाल्या, "ही पोकळ वाजती." मिस्त्रींनी कान लावून ऐकलं, तोंड कडू केलं आणि ती फरशी काढून पुन्हा बसवली. ती खरंच पोकळ होती, असं त्यांनी मला नंतर खालच्या आवाजात सांगितलं, आणि कुणाला बोलू नका असंही.

नवव्या दिवशी पट्टी दारापर्यंत आली. मिस्त्रींनी दारातली ग्रॅनाइटची उंच पट्टी काढून टाकली, आतली ती चेहरा दाखवणारी फरशी फोडली आणि रोजच्यासारख्या दोन ओळी टाकून थांबले. पुढचे दोन दिवस खुर्ची दाराबाहेरच राहिली. मला त्या दोन्ही रात्री नीट झोप लागली नाही. तिसऱ्या सकाळी मी तांब्या घेऊन आले आणि सवयीनं खुर्ची होती तिथंच ठेवायला लागले, कारण आता पुढची वीत म्हणजे दाराच्या आत होती.

"जरा पुढं घे," आत्या म्हणाल्या.

"अं?"

"ती ओळ वाळलीया. परवाची हाय. मी मोजून राहिलेय, तुला काय वाटलं?"

मी खुर्ची आत घेतली. आत्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा भिंतीवरच्या दांडीवर. पायाची बोटं फटींवर घट्ट रोवली आणि आत आल्या. त्या दिवशी त्यांचे डोळे उघडे होते. माझ्या खांद्यावर त्यांच्या बोटांचे वळ दुपारपर्यंत होते.

आतला आठवडाही तसाच गेला, रोज एक वीत, दार सताड उघडं आणि मी शेजारी. शेवटच्या दोन ओळी समोरच्या भिंतीला, नळाखाली येऊन टेकल्या. त्या वाळल्या तो रविवार होता. नळाला आठ दिवसांनी पाणी आलेलं, ते भरता भरता आंघोळीला उशीर झाला. मिस्त्री अंगणात आपली हत्यारं पुसत बसले होते. काम संपलं होतं, तरी ते उगीच एकेक हत्यार तीन-तीनदा पुसत होते.

मी खुर्ची नळाजवळ ठेवली, बादली भरली आणि तांब्या बुडवला.

"दे इकडं," आत्या म्हणाल्या.

मी तांब्या दिला.

"टॉवेल त्या दांडीवर टाक. आता भाईर हो."

"आत्या, मी आहे ना."

"हायस म्हनूनच सांगून राहिले."

मी बाहेर आले. दार लोटलं गेलं. मग आतून कडी लागली. कडी जरा जड होती, आत्यांना ती दोनदा ओढावी लागली. मी तिथंच भिंतीला हात लावून उभी राहिले. मिस्त्रीही हातातलं फडकं टाकून केव्हा उठून आले मला कळलं नाही. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही श्वास धरून पुढचा ऐकत होतो. दुसरा आला, तिसरा आला. मिस्त्रींनी मान कलती केली आणि कुजबुजले, "पानी जाळीकडं चाललंय. कुठं थांबून राहिलं न्हाई."

आठ महिने मी ज्या कामातून सुटायची वाट बघत होते ते काम त्या कडीबरोबर संपलं होतं, आणि मला हुंदका आवरेना. मिस्त्री माझ्याकडे बघायचं टाळत भिंत बोटानं वाजवायला लागले. भिंतीत तपासण्यासारखं काही नव्हतं.

आतलं पाणी थांबलं.

"दाराशी कोन उभं हाय?" आत्यांचा आवाज आला, दिवाळीच्या आधी होता तसा, सगळ्या घराला पोचणारा. "कोन रडून राहिलं, कोन भिताड ठोकून राहिलं. म्हाताऱ्या बाईला निवांत न्हाऊ द्याल का न्हाई?"

आम्ही दोघं मुकाट्यानं दारापासून लांब झालो.